बारडाचा डोंगर आणि पोरांची चाल

घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या ओलांडून पूर्वेकडे निघालात की अस्वाली धरणाच्या मागे एक डोंगर उभा दिसतो. तो बारडाचा डोंगर. उंची समुद्रसपाटीपासून साधारण 1500 फूट. सह्याद्रीच्या मोठ्या गडांपुढे हा आकडा किरकोळ वाटतो, म्हणूनच पुष्कळ कुटुंबे पाण्याच्या दोन बाटल्या आणि चिवड्याचा पुडा घेऊन मुलांसह थेट चढायला लागतात. मला हा लेख लिहावासा वाटला तो त्यांच्यासाठी.

डहाणू-तलासरीत पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. या भागाला कोरडा म्हणावे असे कुणाच्या मनातही येत नाही. पण हा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून धावत समुद्राला मिळतो. दिवाळी गेली की ओहळ आटू लागतात, जानेवारीत गवत पिवळे पडते, फेब्रुवारीत सागाची पाने गळतात, आणि मार्चमध्ये त्याच डोंगरावर उघडा काळा कातळ, मुरूम आणि पाचोळा एवढेच उरते. सावली नाही, पाणी नाही. अमेरिकेतल्या जोशुआ ट्री या वाळवंटी खडकांच्या राष्ट्रीय उद्यानात येणाऱ्यांना माणशी दिवसाला सुमारे 4 लिटर पाणी सोबत ठेवायला सांगतात. बारडाला निघताना मी हाच आकडा डोळ्यांपुढे ठेवते. डोंगर कोकणातला असला तरी उन्हाळ्यात त्याचा हिशेब वाळवंटाचाच करायचा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही सहाजण निघालो होतो, त्यात माझा सात वर्षांचा भाचा. नाश्त्यात वेळ गेला, पायथ्यापासून चालायला साडेनऊ झाले. पाणी सगळ्यांत मिळून पाच लिटर. चढताना भाचा सगळ्यांच्या पुढे होता, म्हणून आम्ही खूश. उतरताना साडेबाराला तो अचानक गप्प झाला. दमलो म्हणाला नाही, पाणी मागितले नाही, नुसता गप्प झाला. चेहरा लालबुंद, डोळे जड. बाटल्या तेव्हा रिकाम्या होत्या. खालच्या पाड्यावरच्या एका आजींनी त्याला ओसरीत निजवले, ओल्या फडक्याने मान आणि काखा पुसल्या, आणि तो जरा सावध झाल्यावर नाचणीची आंबील घोट घोट पाजली. तासाभराने तो उठून बसला. त्या दिवसापासून मी मुलांच्या बडबडीकडे कान ठेवून चालते. बडबडे मूल गप्प झाले की थांबायचे, मग शिखर दहा मिनिटांवर असो.

तेव्हा आधी महिना ठरवा. मुलांना घेऊन जायचे तर नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जायचे तर अकराच्या आत खाली यायच्या बेताने जा. पुढे पावसापर्यंत लहान मुलांना नेऊ नका. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो हे खरे, पण शेवाळलेला कातळ, अचानक फुगणारे ओहळ आणि विजा यांच्यात आठ वर्षांच्या मुलाला नेण्यासारखे काही नाही. पावसाळ्यात धरणाच्या काठावरून डोंगर पाहावा, तेवढे पुरे.

मग वेळ. जानेवारीत इकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. उजाडताना पायथ्याशी असावे. मुंबईहून येणाऱ्यांना हे एका दिवसात साधत नाही. 2013 पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, पण घोलवडला पुढची गाडी पकडायची, तिथून रिक्षा ठरवायची, यात सकाळ निघून जाते. म्हणून आदल्या संध्याकाळी बोर्डीला मुक्काम करा. मुले किनाऱ्यावर हुंदडतील, लवकर झोपतील आणि पहाटे उठतील. परतीची रिक्षा आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. दुपारी दमलेली मुले घेऊन रस्त्यावर वाहनाची वाट पाहणे हा सहलीतला सगळ्यात वाईट तास असतो.

परत फिरायची वेळ घरूनच ठरवून निघा आणि ती मुलांनाही सांगा. आम्ही दहा ठरवतो. दहा वाजले की जिथे असू तिथून मागे वळायचे. दुसरी खूण पाण्याची. सोबतचे निम्मे पाणी संपले की मागे वळायचे. दोन्हींतली जी आधी येईल ती पाळायची. मोठ्या माणसाला जिथे तास लागतो तिथे सात-आठ वर्षांचे मूल दोन तास घेते. पायात ताकद कमी असते म्हणून तसे होत नाही. वाटेत मुंगळ्यांची रांग असते, विचित्र आकाराचा दगड असतो, सापाची कात असते, आणि मूल तिथे थांबते. त्याला तसे थांबू देण्यासाठीच तर आपण आलो आहोत. घाई करणाऱ्या काकाला पुढे पाठवा आणि मुलाला थांबू द्या.

कोण कुठवर जाईल याचा माझा ठोकताळा असा आहे. चार वर्षांच्या आतल्यांसाठी धरणाचा काठ आणि पायथ्याची पायवाट पुरे. पाच ते सात वर्षांची मुले पहिल्या चढापर्यंत मजेत जातात. तिथे बसून खाऊ खायचा आणि उतरायचे. नियमित चालणारी आठ-नऊ वर्षांपुढची मुले डोंगरावरच्या गुहांपर्यंत (त्यांची हकीकत पुढे येईलच) जाऊ शकतात. त्याआधी एकदोन सराव हवेत. ओहोटीच्या वेळी बोर्डीच्या किनाऱ्यावर दोन तास चालवून पाहा. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा डोंगर चढवा, मात्र चैत्र पौर्णिमेपासून भरणाऱ्या यात्रेत नको, तेव्हा गर्दीत लहान मूल सांभाळणे कठीण. तलासरी तालुक्यात काजळी गावाजवळचा बल्लाळगड हा लहानसा किल्ला पहिल्या अनुभवाला चांगला. गंभीरगड मात्र मुले बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत राखून ठेवा.

आता पाणी. अर्ध्या दिवसासाठी मोठ्या माणसाला तीन लिटर आणि मुलाला दीड ते दोन लिटर धरा. मुलाच्या पाठीवर त्याची अर्ध्या लिटरची बाटली असावी, बाकी ओझे मोठ्यांनी वाहावे. तहान लागली की प्या असे सांगून मुले पीत नाहीत, म्हणून दर वीस मिनिटांनी थांबून सगळ्यांनी मिळून चार घोट प्यावेत. ओआरएसच्या पुड्या जवळ ठेवा आणि एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच मिसळा. कमी पाण्यात दाट केले तर बाधते. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. डोंगरावर कोरीव टाक्यांत पाणी दिसले तरी ते हिशेबात धरू नका. पाड्यावरच्या विहिरीचे पाणी मागून घ्यायचे तर आधी विचारा. एप्रिल-मेमध्ये इथल्या बायका हंडाभर पाण्यासाठी किती चालतात ते पाहिलेत तर पाहुण्याने पाणी वाया घालवू नये हे कुणी शिकवावे लागणार नाही.

खाण्याचे फार मनावर घेऊ नये. तेलकट, खारवलेले पुडे तहान वाढवतात. दशम्या, गूळ-शेंगदाणे, उकडलेली रताळी, आणि हंगाम असेल तर पिकलेले चिकू. इथल्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. घोलवडच्या बाजारात आदल्या संध्याकाळी हाताने दाबून, मुलांकडूनच निवडून घ्या. बिया मात्र पिशवीत परत आणायच्या.

कपड्यांत तडजोड नको. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पूर्ण पँट, कडा असलेली टोपी आणि तळाला खाचा असलेले, आधी महिनाभर वापरलेले बूट. अर्ध्या पँटीला माझा विरोध आहे तो खाजकुइलीमुळे. हिवाळ्यात तिच्या शेंगा वाळतात आणि त्यांवरची सोनेरी लव वाऱ्याने उडून अंगाला लागते. मुलांना ती मखमल वाटते, हात लावावासा वाटतो. लागली तर चोळू द्यायचे नाही. चिकटपट्टी लावून उपटायची, ती लव त्या पट्टीला चिकटून येते. मग पाण्याने धुवायचे. म्हणून चिकटपट्टीचे रीळ माझ्या पिशवीत कायम असते. पहिल्याच वळणावर शेंग दाखवून ओळख करून द्या. ओळख झालेल्या मुलाला मग सारखे ओरडावे लागत नाही.

कातळावरचे चालणे शिकवावे लागते. आपला डोंगर बेसाल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. काळा दगड ऊन पितो. अकरानंतर त्यावर हात टेकवला की चटका बसतो, म्हणून हात टेकवण्याआधी बोटाने स्पर्श करून पाहायची सवय लावा. खरा धोका उतरताना आहे. मुरमाड घसाऱ्यावर सागाची वाळकी पाने पसरलेली असतात आणि पाय गेला की गेला. उतरताना मोठ्या माणसाने मुलाच्या खालच्या बाजूला राहावे, वरच्या बाजूला नाही. मुलाने गुडघे थोडे वाकवून छोटी पावले टाकावीत, धावू नये. कठीण जागी दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले असावेत. आम्ही त्याला सरड्याची चाल म्हणतो, मुलांना ते लगेच कळते.

दगड उचलू नये आणि फटीत हात घालू नये, हे दोन नियम निघण्याआधी पाठ करून घ्या. दगडाखाली विंचू आणि फुरसे असतात. फुरसे हातभर लांबीचे, मातकट रंगाचे, पटकन दिसत नाही. साप चावला तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायची नाही. चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा आधाराला बांधायचा, मुलाला उचलून खाली आणायचे आणि सरळ रुग्णालयात न्यायचे. डहाणूला आणि कासाला उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी तिथे फोन करून विषावरची लस आहे ना, याची खात्री करून घ्या. विचारायला संकोच कसला? लाल विंचवाबद्दल वेगळे सांगायला हवे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात काम करून लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध कसे जीव वाचवते ते दाखवून दिले, त्याआधी कितीतरी मुले दगावत. पण औषध वेळेत मिळाले तरच उपयोग. दंशानंतर मूल घामाने भिजले, उलट्या होऊ लागल्या, हातपाय गार पडले तर घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नका.

मदतीसाठी 108 लावताना आधी तालुका, मग गाव, मग खूण सांगा. इथे महाराष्ट्र आणि गुजरातची सीमा अगदी जवळ आहे आणि नुसते “डोंगरावर आहोत” म्हटल्याने कुणाला काही कळत नाही. “तालुका डहाणू, अस्वाली धरणाच्या वरचा डोंगर” हे वाक्य मुलांकडूनही पाठ करून घ्या.

कड्याखाली आणि गुहांच्या तोंडाशी आग्या माशांची पोळी लटकतात का ते आधी लांबून पाहा. दिसली तर पुढे जाऊ नका, हा सल्ला मी कुणाच्याही आग्रहाला बळी न पडता पाळते. अत्तर, सुगंधी तेल नको. आरोळ्या नकोत. दगड मारणे तर मुळीच नको. आणि आग पेटवू नये, कसलीही. एप्रिलमध्ये खालून धूर दिसला तर तो बहुधा शेतकऱ्याने भाजलेल्या राबाचा असतो, पण कोरड्या गवतात आपण टाकलेल्या एका काडीने अख्खा उतार जळतो.

या तालुक्यांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची, जी दुसरीकडच्या डोंगरांवर सहसा आठवत नाही. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के जाणवत आले आहेत. 1 फेब्रुवारी 2019 रोजी 4.1 तीव्रतेचा धक्का बसला होता. माणसे थंडीत घराबाहेर तंबूंत झोपत होती. तेव्हा डबा खायला लोंबत्या कातळाखाली किंवा गुहेच्या आत बसू नका, उघड्या सपाटीवर झाडाच्या सावलीत बसा. जमीन हलली तर कड्यापासून दूर जायचे, खाली बसायचे, डोके हातांनी झाकायचे. इथल्या शाळांतल्या मुलांना हे पाठ आहे, आपल्या मुलांनाही येऊ द्या.

इतकी काळजी घेऊन वर का जायचे? गुहांसाठी. यांना बहरोटच्या गुहा म्हणतात. इराणहून आलेल्या पारशांनी संजाणला इराणशाह हा पवित्र अग्नी स्थापन केला होता. पुढे संजाणवर सुलतानाची फौज आली, संजाण पडले, तेव्हा पारशांनी तो अग्नी घेऊन याच डोंगराचा आसरा घेतला आणि बारा वर्षे इथे राखला. 1599 च्या सुमारास बहमन कैकोबाद यांनी फारसीत लिहिलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’मध्ये ही हकीकत आहे. इथून अग्नी वांसद्याला गेला, मग नवसारीला, आणि 1742 पासून तो उदवाड्याला आहे, आजही तेवता. पारशी बांधव अजून या गुहांत येऊन प्रार्थना करतात.

मुलांना ही गोष्ट वर पोचल्यावर सांगू नका, चढताना तुकड्या-तुकड्यांनी सांगा. प्रत्येक विसाव्याला एक प्रश्न विचारा. पेटता अग्नी इथवर कशातून आणला असेल? पावसाळ्यात तो विझू नये म्हणून काय केले असेल? बारा वर्षे लाकूड कुणी वाहिले? एकदा एका नऊ वर्षांच्या मुलीने मला विचारले, “रात्री जागायला कोण बसायचं?” त्यानंतर सबंध चढ ती पाळ्या लावत होती, पहिली रात्र बाबांची, दुसरी आईची, तिसरी तिची. पाय दुखल्याचे तिला आठवलेच नाही. गुहेपाशी पोचल्यावर तिने आपणहून बूट काढले. भिंतींवर नावे खरडण्याचा विषय तर आलाच नाही.

वाट दाखवायला अस्वालीच्या पाड्यांवरचा कुणीतरी सोबत घ्या. खुणा नसलेल्या डोंगरावर वाट चुकू नये हे एक कारण, पण त्याहून मोठे कारण म्हणजे हा डोंगर त्यांचा आहे. इथल्या वारली माणसाला कुठले झाड कशाचे, कुठे वाघदेव मांडला आहे, कुठे पाय ठेवू नये हे ठाऊक असते. वाघदेवाच्या दगडाला किंवा लाकडी फळीला मुलांनी हात लावू नये, फोटोसाठी टेकू नये. मजुरी आधी बोला आणि घासाघीस करू नका. शेजारच्या तलासरीत झरी गावी 1945 च्या मे महिन्यात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध सभा घेतली होती. फुकट राबवून घेण्याविरुद्ध जे आजोबा उभे राहिले, त्यांच्या नातवाला दिवसभर उन्हात चालवून “चहापाण्याला घे” म्हणणे मला सहन होत नाही. शहरात एका दिवसाच्या सहलीवर जो खर्च करता, त्यातला चांगला वाटा या घरी जाऊ द्या.

मुलाच्या गळ्यात शिट्टी असू द्या. चुकलास तर शोधत फिरायचे नाही, जवळच्या झाडापाशी बसायचे आणि तीनदा शिट्टी वाजवत राहायचे, एवढेच त्याला सांगा. चालताना पुढे एक मोठा, मागे एक मोठा, मुले मध्ये. या जंगलात बिबट्या आहे, म्हणून तिन्हीसांजेला डोंगरावर राहायचेच नाही.

एक छोटी वही आणि पेन्सिल मात्र न्या. विसाव्याच्या जागी मुलांना चित्र काढू द्या, फोटो नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी त्रिकोण, वर्तुळ आणि रेषा यांतून सगळे रान जगापुढे मांडले, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस होतो, हे मुलाला दाखवा आणि बाजूला व्हा. आमच्या भाच्याच्या वहीत त्या फेब्रुवारीचे पान अजून आहे. डोंगर लहान, ओसरी मोठी, आणि ओसरीत वाडगे घेतलेल्या आजी सगळ्यांत मोठ्या.

खाली उतरल्यावर धरणाच्या काठी मुलांचे बूट-मोजे काढा, घोटे, गुडघ्यांमागची खोबण आणि कानामागे गोचिडी आहेत का पाहा, उरलेले पाणी पिऊन टाका. धरणात उतरू देऊ नका, काठावर चिखल आहे आणि पुढे एकदम खोल पाणी. मग चिकू कापा.